हेयरचे वाचक

१९२६ साली ब्रिटनमध्ये खाणकामगारांच्या लढ्यातून सार्वत्रिक संप उभा राहिला, छापखाने थांबले, वर्तमानपत्रे काही दिवस जवळजवळ बंद पडली. संप मिटला, तरी खाणींवरची टाळेबंदी हिवाळ्यापर्यंत चालू राहिली. त्याच वर्षी जॉर्जेट हेयर या तरुण लेखिकेची ‘दीज ओल्ड शेड्स’ ही ऐतिहासिक प्रेमकादंबरी बाजारात आली. तिच्या मागे जाहिरातीचा जोर नव्हता आणि परीक्षणांचा गाजावाजाही नव्हता. तरीही तिच्या सुमारे १,९०,००० प्रती खपल्या. या अनुभवावरून हेयरने एक निष्कर्ष काढला आणि तो जन्मभर पाळला: पुस्तकाला लेखिकेच्या मिरवण्याची गरज नसते. तिने मुलाखती दिल्या नाहीत, खासगी आयुष्याबद्दल बोलायचे कायम टाळले. वजनदार समीक्षकांनीही तिच्याबद्दल लिहिण्याची फारशी तसदी घेतली नाही. तरी १९७४ च्या जुलैमध्ये ती वारली तेव्हा तिची ४८ पुस्तके छापील स्वरूपात विक्रीला होती आणि त्यांत १९२१ ची पहिली कादंबरीही होती. जवळजवळ अर्धशतक हा सगळा डोलारा वाचकांनी पेलला. त्यांच्या या उत्साहाला इंग्रजी साहित्यजगताने बराच काळ सवय, व्यसन, फावल्या वेळाची करमणूक अशी नावे दिली. तो उत्साह हा वाङ्मयीन निर्णय होता आणि बहुतांशी बरोबर निर्णय होता, असे मला वाटते. हेयरच्या वाचकांना तिच्यात काय आवडते आहे हे नेमके ठाऊक होते, आणि त्याचे पुरावे इतिहासात आहेत.

हेयरचा जन्म १६ ऑगस्ट १९०२ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये झाला. आजारी धाकट्या भावाचे मन रमवण्यासाठी तिने एक कथा रचून सांगितली, वडिलांच्या प्रोत्साहनाने ती लिहून काढली, आणि एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास ‘द ब्लॅक मॉथ’ प्रसिद्ध झाली. १९२५ मध्ये वडील अचानक गेले. त्याच वर्षी तिचे लग्न रोनाल्ड रुझिए या खाण अभियंत्याशी झाले आणि नवऱ्याच्या नोकरीमागे ती टांगानिका आणि मॅसिडोनियात राहून आली. पुढे नवऱ्याने वकिलीचे शिक्षण घेतले त्या वर्षांत घर मुख्यतः तिच्या लेखणीवर चालले. १९३५ च्या ‘रीजन्सी बक’मध्ये तिने आपला हक्काचा काळ निवडला. वेडाच्या आजाराने निकामी झालेल्या तिसऱ्या जॉर्जच्या वतीने त्याचा मुलगा १८११ ते १८२० या काळात राज्यकारभार पाहत होता, ते हे ‘रीजन्सी’ दशक. त्याआधीची इंग्रजी ऐतिहासिक अद्भुतकथा बॅरोनेस ऑर्क्झी, स्टॅन्ली वेमन, जेफ्री फार्नोल अशा लेखकांच्या हाती होती आणि तलवारबाजी, वेषांतर, अपहरण, पाठलाग यांवर पोसलेली होती. हेयरच्या सुरुवातीच्या पुस्तकांतही हे सगळे आहे. हळूहळू तिने तलवार म्यान केली आणि द्वंद्व दिवाणखान्यात आणले. पुढच्या कादंबऱ्यांत मुख्य घटना घडते ती दोन माणसांच्या संभाषणात.

हा बदल नीट पाहिला की वाचकांच्या प्रेमाचे मूळ सापडते. हेयरचा विनोद कोट्यांचा नाही, आणि निवेदिकेने पात्रांकडे बोट दाखवून वाचकाला हसवावे असाही नाही. तो माणसाच्या स्वभावातून आणि त्याच्या बोलण्याच्या लकबीतून येतो. १९४४ च्या ‘फ्रायडेज चाइल्ड’मध्ये फर्डी नावाचा भोळा उमराव आहे. शाळेत शिकलेले ग्रीक सगळे विसरून गेला आहे, फक्त नेमेसिस हे नाव डोक्यात अर्धवट राहिले आहे, आणि हा कोणी ग्रीक इसम गुपचूप मागून येऊन माणसाला गाठतो अशी त्याची खात्री झालेली आहे. सूडाच्या देवतेला त्याने चक्क संशयास्पद परदेशी गृहस्थ करून टाकले आहे. त्याचे मित्र त्याची ही भीती गांभीर्याने घेतात म्हणून प्रसंग आणखी रंगतो. ‘कोटिलियन’मधला फ्रेडी लंडन पाहायला आलेल्या किटीला घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये जातो आणि लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून आणलेली प्रसिद्ध शिल्पे पाहून अस्वस्थ होतो, कारण इतका पैसा घालून आणलेल्या पुतळ्यांना धड मुंडकीसुद्धा नाहीत. यात मूर्खपणाची टिंगल नाही. फ्रेडीचे व्यवहारी डोके कसे चालते याची ही खूण आहे, आणि त्याच डोक्यामुळे तो शेवटी नायक ठरतो. पहिल्या वाचनात हसवणारा प्रसंग दुसऱ्या वाचनात स्वभावचित्र होऊन समोर येतो, म्हणून तिची पुस्तके पुन्हा पुन्हा वाचली गेली.

या संवादांना इतिहासाचा भक्कम पाया आहे आणि तो स्त्रियांच्या कायदेशीर स्थितीचा आहे. रीजन्सी काळातल्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची जंगम मालमत्ता आणि तिची कमाई नवऱ्याची होई. श्रीमंत घराणी करारपत्रे करून मुलींसाठी काही राखून ठेवत, पण पत्नीचा मालमत्तेवरचा पूर्ण हक्क कायद्याने मान्य व्हायला १८८२ उजाडावे लागले. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि तो थोड्या धनाढ्य पुरुषांनाच परवडे. म्हणजे ज्या माणसाच्या हाती आपले सारे आयुष्य द्यायचे, त्याला पारखून घ्यायला बाईकडे लग्नाआधीचे काही महिने आणि नाचाच्या मजलिशीत, घोडागाडीत, चहाच्या टेबलाशी होणारे संभाषण एवढेच असे. हा माणूस आपले ऐकतो का, विरोध सहन करतो का, स्वतःवर हसतो का, हे तिला त्या बोलण्यातूनच ताडावे लागे. हेयरच्या नायिका हजरजबाबी आहेत याचे कारण या परिस्थितीत आहे. फ्रेडेरिका, व्हेनेशिया, सोफी या तिघीही बोलता बोलता समोरच्याची परीक्षा घेतात. तिच्या उत्तम कादंबऱ्यांत प्रेम जमल्याची खूण अशी असते की एकाने अर्धवट सोडलेला विनोद दुसऱ्याला कळतो. १९३० ते १९६० च्या दशकांतल्या वाचक स्त्रियांना हे लगेच उमगले यात नवल नाही. मतदानाचा समान हक्क त्यांना १९२८ मध्ये मिळाला होता, पण घरातला समान हक्क अजून लांब होता.

या वाचकांपर्यंत पुस्तक पोहोचत होते ते मुख्यतः वाचनालयांतून. इंग्लंडमध्ये त्या काळी वर्गणीवर पुस्तके देण्याचा मोठा धंदा होता. औषधविक्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या बूट्स कंपनीने १८९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या दुकानांतून वाचनालये सुरू केली आणि ती १९६६ पर्यंत चालवली. डब्ल्यू. एच. स्मिथचे वाचनालय त्याच्या काही वर्षे आधी बंद झाले. १९३० च्या दशकात गल्लोगल्ली दोन पेन्सवाली वाचनालये निघाली. अनामत नाही, वर्गणी नाही, दोन पेन्स द्या आणि पुस्तक घरी न्या. आपल्याकडच्या फिरत्या आणि गल्लीतल्या वाचनालयांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा व्यवहार समजावून सांगायला नको. याच वाचनालयांच्या दारात हेयरवरचा पहिला मोठा आक्षेप जन्मला. क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक’ या ग्रंथात लोकप्रिय कादंबऱ्यांच्या वाचनाची तुलना नशेच्या सवयीशी केली. वाचनालयात येणारा माणूस पुस्तक निवडत नाही, तो आपला रोजचा डोस घेऊन जातो, असा त्या विवेचनाचा रोख होता. ते हेयरपुरते नव्हते, पण तिच्यासारख्या लेखिकेला ते सहज लागू पडले आणि नंतरच्या प्रत्येक उपेक्षेला त्याने बळ दिले.

नशा करणाऱ्याला मालाच्या जातीशी कर्तव्य नसते, नशा चढल्याशी असते. हेयरचे वाचक तसे असते तर त्यांना तिच्यासारखे दिसणारे कोणतेही पुस्तक चालले असते. १९५० मध्ये एका वाचकाने हेयरला कळवले की बार्बरा कार्टलंड या लेखिकेच्या काही ऐतिहासिक कादंबऱ्यांत तुमच्या पुस्तकांतली नावे, प्रसंग, स्वभावचित्रे दिसतात. हेयरने ती पुस्तके तपासली, साम्यस्थळांची आणि ऐतिहासिक चुकांची यादी करून वकिलाकडे दिली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले नाही. १९६१ मध्ये पुन्हा तसेच घडले. कॅथलीन लिंडसे या लेखिकेच्या पुस्तकांतली साम्ये वाचकांनी दाखवून दिली, आणि काहींनी तर हेयरलाच जाब विचारला की टोपणनावाने हा दुय्यम माल तुम्ही का खपवता आहात. मला हा जाब फार मोलाचा पुरावा वाटतो. कथानक ओळखीचे, कपडे ओळखीचे, बोलीभाषाही ओळखीची, तरी मूळ चव नाही हे त्या वाचकांच्या जिभेने सांगितले. पुढे हेयरने जी यादी केली तिने त्यांचे म्हणणे सिद्धही केले. त्या पुस्तकांत वारंवार येणारा एक रीजन्सीकालीन वाक्प्रचार तिला खासगी वितरणासाठी छापलेल्या एका आठवणींच्या पुस्तकात सापडला होता, जे सर्वसामान्यांना मिळण्यासारखे नव्हते. आणि एक ‘ऐतिहासिक’ घटना तर हेयरने स्वतःच्या कादंबरीसाठी कल्पनेने रचलेली होती. सवयीचा गुलाम झालेला वाचक इतक्या बारकाईने अस्सल-नक्कल पारखत नाही.

यावर कोणी म्हणेल की खपावरून गुणवत्ता ठरवायची झाली तर कार्टलंड यांनी हेयरला कितीतरी मागे टाकले आहे. हे खरे आहे, आणि म्हणून मी खपाचा आधार घेत नाही. १,९०,००० हा आकडा एवढेच सांगतो की वाचक जाहिरातीशिवाय पुस्तकापर्यंत पोहोचले. पुढच्या आयुष्यात तिची पहिली आवृत्तीच साठ हजारांहून मोठी निघत असे, यावरून वाचक टिकून राहिले एवढे कळते. उत्साहाची जात मात्र त्याच्या वागणुकीवरून ओळखावी लागते: वाचक पुस्तक पुन्हा वाचतो का, दुसऱ्याला देतो का, त्यातली पात्रे त्याच्या बोलण्यात येतात का, एका पुस्तकाला दुसऱ्याहून सरस का म्हणतो हे सांगू शकतो का. हेयरचे वाचक या कसोटीला उतरतात. तिची सर्वांत चांगली कादंबरी कोणती या प्रश्नावर आजही ते तावातावाने वाद घालतात, ‘फ्रेडेरिका’वाले ‘व्हेनेशिया’वाल्यांना हार जात नाहीत, आणि त्या वादात मुद्दे असतात संवादांचे, दुय्यम पात्रांचे, शेवट पटण्या-न पटण्याचे. समीक्षकांनी करायचे काम वाचकांनी घरोघरी केले.

हे सगळे पलायन आहे, वास्तवापासून पळ काढणे आहे, हा आक्षेप तर खुद्द हेयरनेच सर्वांत कडक शब्दांत घेतला होता. ‘फ्रायडेज चाइल्ड’ लिहीत असताना युद्ध चालू होते. असला वेडगळपणा लिहिल्याबद्दल आपल्याला गोळी घातली पाहिजे, असे तिने पत्रात लिहिले. पण बॉम्बहल्ल्याच्या वेळी तळघरात बसले असता किंवा आजारातून उठत असता आपल्याला हे पुस्तक आवडले असते, हेही तिने त्याच पत्रात मान्य केले. पुढे याच पुस्तकाबद्दल तिला रुमानियातून सुटून आलेल्या एका स्त्रीचे पत्र आले. ती राजकीय कैदी होती. तुरुंगात जवळ पुस्तक नव्हते. बारा वर्षे तिने ‘फ्रायडेज चाइल्ड’ची कथा बरोबरच्या कैदी स्त्रियांना पुन्हा पुन्हा सांगितली आणि त्या आधारावर त्यांनी आपले मन शाबूत ठेवले. पलायन या शब्दात माणूस कर्तव्य टाकून पळाल्याची जी निंदा आहे, ती या बायकांना कशी लावायची? त्यांना पळायला जागाच नव्हती. आणि या ठिकाणी माझ्या मूळ मुद्द्याला आणखी एक आधार मिळतो. आठवणीतून बारा वर्षे सांगता येईल अशी कथा घट्ट बांधलेली असावी लागते, तिच्यातली माणसे एकमेकांपासून वेगळी ओळखू यावी लागतात, आणि तिच्यातला विनोद शंभराव्या वेळीही हसवणारा असावा लागतो. ढिसाळ पुस्तक त्या कोठडीत महिनाभरही टिकले नसते.

साचा तोच, मुलगी तीच, शेवटी लग्न तेच, असेही म्हटले जाते. शेवटी लग्न होते हे खरे. पण ‘कोटिलियन’ वाचताना पहिला अर्धा भाग आपण देखण्या, बेफिकीर जॅककडे नायक म्हणून पाहत असतो, कारण अशा कथांची रीतच तशी आहे. पाठीमागे उभा असलेला फ्रेडी कपड्यांच्या शिस्तीपलीकडे कशातच हुशार नाही असे सगळे धरून चालतात. पण अडचण येते तेव्हा लग्नाला परवाना लागतो, प्रवासाला सामान लागते, बाईमाणसाची बेअब्रू होता कामा नये, या गोष्टी त्यालाच सुचतात, आणि किटीला कळते की आपण आजवर भलत्याच माणसाकडे पाहत होतो. १९५३ मध्ये हेयरने स्वतःच्याच लाडक्या साच्याला दिलेला हा छेद आहे. १९६१ ची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ त्याहून पुढे जाते. कर्जात बुडालेला तरुण सरदार ॲडम घराणे वाचवण्यासाठी एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी, साध्यासुध्या जेनीशी लग्न करतो. त्याचे मन दुसरीवर आहे आणि जेनीला ते माहीत आहे. कादंबरीअखेर जे हाती येते ते सोबतीचे, रुचकर जेवणाचे, शेतीच्या गप्पांचे सुख असते. धुंद प्रेम शेवटच्या पानावरही अवतरत नाही. वॉटर्लूची बातमी येण्याआधी सगळे घाबरून रोखे विकत असताना ॲडम वेलिंग्टनवर विश्वास ठेवून ते विकत घेतो, तो प्रसंग प्रेमप्रसंगांपेक्षा जास्त उत्कंठेचा आहे. वाचकांना केवळ साचा हवा असता तर त्यांनी ही पुस्तके नाकारली असती. त्यांनी ती स्वीकारली, आणि ‘कोटिलियन’ अनेकांच्या आवडीच्या यादीत अगदी वर आहे.

हेयरच्या इतिहासाच्या अभ्यासाबद्दल आदराने बोलावे लागेल. तिच्या घरी हजाराहून अधिक संदर्भग्रंथ होते. कपडे, गाड्या, नाण्यांचे दर, टपालाच्या वेळा, शिकारी-मुष्टियोद्ध्यांची बोली यांच्या टिपणांनी तिच्या वह्या भरलेल्या होत्या. १९३७ च्या ‘ॲन इन्फेमस आर्मी’साठी तिने वॉटर्लूच्या लढाईचा इतका कसून अभ्यास केला की वेलिंग्टनच्या तोंडी घातलेले शब्द त्याने खरोखर उच्चारलेले किंवा लिहिलेले आहेत, असा तिचा दावा होता. हा वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. आपली सर्वांत चांगली लढाई कोणती या प्रश्नाला त्याने म्हातारपणी वॉटर्लूऐवजी असईचे नाव दिले, असे सांगतात.

असईचे नाव निघाले की हेयरवरच्या सर्वांत गंभीर आक्षेपाला सामोरे जावेच लागते, आणि मराठी वाचकाने तर टाळूच नये. तिच्या कादंबऱ्यांतली मंडळी ऑलमॅक्सच्या नाचघरात प्रवेशपत्रासाठी धडपडत होती त्याच वर्षांत, नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव कंपनी सरकारचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला. ‘फ्रेडेरिका’ आणि ‘व्हेनेशिया’ १८१८ च्या सुमारासच घडतात. त्या जगात हिंदुस्थान दिसतो तो एवढाच: ‘ब्लॅक शीप’मध्ये तारुण्यात घराण्याने हाकलून हिंदुस्थानात पाठवलेला नायक पुष्कळ वर्षांनी गबर होऊन परततो, आणि पैसा नेमका कशातून आला याचा हिशेब कोणी विचारत नाही, ‘फ्रेडेरिका’मध्ये एका गावठी कुत्र्याला वाचवण्यासाठी तो बलुचिस्तानी जातीचा असल्याची थाप मारली जाते. कुत्र्याचा प्रसंग फार गमतीचा आहे, मी त्याचे कौतुक आखडते घेणार नाही. पण ज्या पैशावर हे दिवाणखाने उजळले होते त्यातला एक भाग बंगालच्या महसुलातून आणि कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या घामातून आला होता, ही गोष्ट हेयरच्या पानांवर येत नाही. १९५० च्या ‘द ग्रँड सोफी’मध्ये गोल्डहँगर या ज्यू सावकाराचे जे विकृत चित्र आहे ते तर अक्षम्य आहे. युरोपातल्या ज्यूंच्या संहाराला पाच वर्षेसुद्धा झाली नसताना ते लिहिले गेले. तो काळच तसा होता, ही सबब इथे चालणार नाही.

मग वाचकांचा निर्णय चुकला म्हणायचा का? माझे उत्तर असे की वाचकांनी हेयरला इतिहासाचा संपूर्ण दस्तऐवज म्हणून कधी वाचलेच नाही. तिच्याकडून त्यांनी घेतली ती दोन माणसांमधल्या बरोबरीची कल्पना, आणि तिथे ती खरी उतरते. उरलेल्या मौनाचे काय करायचे हे पुढच्या पिढीतल्या वाचक-लेखकांनी ठरवले. ज्युलिया क्विनच्या २००० सालापासूनच्या ब्रिजर्टन कादंबऱ्या हेयरने घडवलेल्या रीजन्सी जगातच उभ्या आहेत. त्यांवर निघालेल्या दूरचित्रमालिकेने सरळ कृष्णवर्णीय सरदार दाखवले आणि दुसऱ्या पर्वात मुंबईहून आलेल्या शर्मा भगिनी आणल्या. हे इतिहासाला धरून आहे असे मुळीच नाही. वसाहतवाद झालाच नाही असे मानणारी ती कल्पना आहे आणि माझ्या मते ते हेयरच्या मौनापेक्षा फार पुढचे पाऊल नाही. परंतु ज्या घरात आपल्याला जागा नव्हती तिथे हक्काने खुर्ची मागण्याइतके ते घर लोकांना आपले वाटले, यातही वाचकांचा जिव्हाळाच दिसतो.

या जिव्हाळ्याची किंमत मात्र एका व्यक्तीने मोजली, आणि ती हेयर स्वतः होती. मध्ययुगीन लँकेस्टर घराण्यावर एक मोठी, गंभीर कादंबरीमालिका लिहावी ही तिची वर्षानुवर्षांची आकांक्षा होती. तिच्यासाठी तिने प्रचंड टिपणे काढली. पण प्रकाशकाला रीजन्सी हवी होती, वाचकांना ती हवी होती, आणि प्राप्तिकराचे तगादे भागवायचे तर तीच लिहावी लागत होती. मालिकेचा अपुरा पहिला भाग ‘माय लॉर्ड जॉन’ तिच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये निघाला. वाचकांनी एका लेखिकेला तिच्या मनातल्या कामापासून अडवले, हा आरोप मला पटतो. तरी ते पुस्तक वाचल्यावर निवाडा वाचकांच्या बाजूने द्यावा लागतो. माहिती अफाट आहे, आणि त्या माहितीच्या ओझ्याखाली माणसे बोलेनाशी झाली आहेत. तिची खरी देणगी संभाषणाची होती, आणि ती दिवाणखान्यात फुलत होती, हे तिच्याआधी तिच्या वाचकांनी ओळखले होते.

समीक्षेला हे कळायला वेळ लागला. १९६९ मध्ये ए. एस. बायट यांनी, हेयर ही समजतात त्यापेक्षा सरस कादंबरीकार आहे, असा लेख लिहिला. १९८४ मध्ये जेन एकेन हॉज यांनी आणि २०११ मध्ये जेनिफर क्लोस्टर यांनी तिची चरित्रे लिहिली. विज्ञानकथालेखिका लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी १९९९ ची ‘अ सिव्हिल कॅम्पेन’ ज्या चार लेखिकांना अर्पण केली त्यांत जेन ऑस्टिन आणि शार्लट ब्राँटीबरोबर जॉर्जेट हेयर आहे. २०१५ मध्ये विम्बल्डनच्या तिच्या जन्मघरावर निळी स्मृतिपाटी लागली. यातला प्रत्येक जण आधी तिचा वाचक होता.

एक गोष्ट मनाला लागून राहते. हेयरला आयुष्यभर असंख्य वाचकांची पत्रे आली, आणि तिने त्यांतले फक्त रुमानियाच्या त्या स्त्रीचे पत्र जपून ठेवले असे सांगतात. बाकीच्या साक्षी गेल्या. आपल्याकडे १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली, पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मधून ‘उषःकाल’ क्रमशः आली, नाथमाधवांच्या कादंबऱ्या आल्या. लोकांनी त्या कशा वाचल्या, कोणी कोणाला वाचून दाखवल्या, कोणते पुस्तक किती हातांतून फिरून फाटले, याचा इतिहास अजून नीट लिहायचा आहे. पुण्यात १८४८ पासून, ठाण्यात १८९३ पासून, मुंबईत १८९८ पासून सार्वजनिक वाचनालये उभी आहेत, आणि गावोगावी त्यांच्या धाकट्या बहिणी आहेत. या वाचनालयांच्या चालकांना विनंती आहे की देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या, सभासदांच्या मागण्यांच्या चिठ्ठ्या, पुस्तकांच्या समासात वाचकांनी केलेल्या खुणा यांतले काही शिल्लक असेल तर ते रद्दीत घालू नका.